दौतीतली घाणेरी

आमच्या दफ्तरातले म्हातारे पेशकार अफझलगंजहून पायी येत, ते शेरवानीच्या खिशात घाणेरीच्या फांद्या घेऊनच. बोरू तासायच्या चाकूनं त्या तिरप्या छाटायच्या, फुटक्या दौतींत माती भरून खोचायच्या, मगच कागदांना हात लावायचा. "रानटी कसली, पंत? तिला कुणी घरात बोलावलंच नाही," असं मला म्हणत.

एकदा बडे साहेब पेशकारांच्या खिडकीतल्या केशरी फुलांपाशी थबकले. "क्या खूब! विलायती है?"

'हो म्हणा,' मी डोळ्यांनी विनवलं.

"नै हुजूर. कल आपके माली ने उखाडके फेंका, वोइच है."

सगळं दफ्तर गारठलं. साहेब मात्र खो खो हसले.

पुढं बाहेर माळी त्यांच्याच हुकमानं घाणेरी उपटत असे, आणि आत साहेब आपल्या मेजावरच्या दौतीला स्वतः पाणी घालत.