प्लायच्या मागची भिंत

ही गोष्ट कालपर्यंत मी कुणालाच सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण एकदा तोंड उघडलं की ते बंद होत नाही — माझं तसंच आहे.

अहिल्याबाई घाटामागच्या गल्लीत आमचं लॉज आहे. दादानं काढलेलं. दादा गेला तसं मी आणि वहिनी मिळून चालवू लागलो. त्या काउंटरवर, मी वरची धावपळ. रोज संध्याकाळी त्या दादाच्या पितळी धुपाटण्यात धूप घालून हॉलभर फिरवायच्या. ती दादाचीच रीत. महाराष्ट्रातून आलेली माणसं आत पाऊल टाकताच म्हणायची, वा, आता काशीला आल्यासारखं वाटलं!

मूळ मुद्दा टाळतोय ना मी? कळतंय मला.

आमच्याकडे बाढ, म्हणजे गंगेचा पूर, उतरते आणि लगेच पितृपक्ष दारात उभा राहतो. पिंडदानाला माणसांची रीघ, आमचं वर्ष त्यावरच निघतं. त्या साली गंगेचं पाणी गल्लीत शिरलं आणि उतरलं, पण काउंटरमागची भिंत काही सुकेना. मागे बाथरूमचा पाइपही गळत होता. सीलन, म्हणजे ओल, छातीपर्यंत चढली, वर बुरशीचे काळे ठिपके. मिस्त्री म्हणाला, प्लास्टर फोडा, पाइप बदला, भिंत उघडी ठेवून पूर्ण सुकू द्या, मगच पुताई, म्हणजे रंगकाम. म्हणजे ऐन पितृपक्षात हॉल बंद! मी काय केलं? भिंतीवर प्लायचं पॅनेल ठोकून घेतलं, वर चकचकीत सनमायका. झाकली मूठ सव्वा लाखाची! वहिनी म्हणाल्या, भाऊजी, किती छान दिसतंय हो. आणि त्याच पॅनेलला पाठ टेकून त्या दिवसभर बसू लागल्या.

थंडीत त्यांना खोकल्यानं धरलं. मग धाप लागायला लागली. हॉलमध्ये कुबट वास यायचा, त्या विचारायच्या, कसला हो हा? आणि मी — सांगूनच टाकतो — मी म्हणालो, तुमचा धूप. बंद हॉलमध्ये रोज धूर करता, दुसरं काय होणार? डॉक्टरांसमोरही हेच बोललो. वड्याचं तेल वांग्यावर! मला माहीत नव्हतं का? पॅनेलच्या फटीला मी स्वतः नाक लावून बघितलं होतं.

त्यांनी धूप सोडला. धुपाटणं पुसून, फडक्यात बांधून कपाटात ठेवताना त्या रडल्या. मी पाहिलं आणि जिना चढून निघून गेलो.

खोकला काही गेला नाही. शेवटी त्यांची मुलगी त्यांना इंदूरला घेऊन गेली, आणि तिथे त्यांना बरं वाटलं. बरं वाटणारच! पुढच्या पितृपक्षाच्या तोंडावर त्यांचा फोन आला. तुमचं खरं होतं भाऊजी, धूपच बाधत होता. ह्यांचं ते धुपाटणं देऊन टाका कुणाला तरी.

हे मात्र मला झेपलं नाही. लाज वाटली हो.

यात्रेकरू शेजारच्या लॉजमध्ये धाडले आणि ऐन पितृपक्षात हॉल बंद केला. तोंडाला फडकं बांधून पॅनेल उतरवलं. मागे सगळी काळी-हिरवी लव, प्लायलासुद्धा. ते सगळं फेकलं. प्लास्टर विटेपर्यंत फोडलं, पाइप बदलला, एक नवी खिडकी पाडली. हिवाळाभर भिंत उघडी ठेवली, मग उन्हाळ्याची लू, ती भाजणारी वाऱ्याची झळ, लागू दिली. खणखणीत सुकल्यावरच चुन्याचा गिलावा केला. आता तिच्यासमोर काहीही ठेवू देत नाही, कॅलेंडरसुद्धा नाही.

काल वहिनी परत आल्या. हॉलमध्ये उभ्या राहिल्या, खोल श्वास घेतला आणि हसून म्हणाल्या, "बघा भाऊजी, धूप बंद केल्यावर हवा कशी मोकळी झाली!"

गप्प बसलो असतो तर? माझं खोटं आता खरंच ठरलं होतं, कुणालाही कधी कळलं नसतं.

"वहिनी, धूप नव्हता. ही भिंत होती. आणि मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं."

 तेव्हापासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. पण आज संध्याकाळी त्यांनी कपाटातलं धुपाटणं काढलं, चिंचेनं लख्ख घासलं, धूप घातला आणि हॉलभर फिरवलं, माझ्या खुर्चीपाशीही.  मी उठून तेवढ्या खिडक्या उघडल्या.