अजाराचा नाच, गळ्यात क्रॉस

शेजारच्या घरात नवीन आलेल्या बाईने पहिल्याच भेटीत सांगितलं, "मी अजाराची." मी इतकी खूष झाले की विचारून बसले, "कोल्हापूरजवळचं आजरा?" तिला वाटलं, कोल्हापूर तुर्कस्तानात असावं. तिचं अजारा काळ्या समुद्राच्या काठी, जॉर्जिया देशाच्या एका कोपऱ्यात, तुर्कस्तानच्या सीमेला लागून. तिने फोनवर नकाशा दाखवला, मी आजऱ्याच्या तांदळाचा भात खाऊ घातला, आणि इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये मैत्री व्हायला एवढं पुष्कळ होतं.

आम्ही दोघी इंग्रजीत बोलतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. पण ती माझ्याहून बरीच लहान आणि बोलण्यात अदब फार, त्यामुळे मराठीत लिहिताना तिच्या तोंडी माझ्यासाठी 'तुम्ही'च येतं.

तिला दोन नावं आहेत. एक घरातलं, मुसलमानी. दुसरं शाळेतलं, जॉर्जियन. दोन्ही इथे सांगत नाही. शेकडो वर्षांपूर्वी तुर्कांच्या राज्यात तिथले बरेचजण मुसलमान झाले; तिच्या गावात बहुतेकांना अशी दोन नावं असतात, आणि कुठलं कुठे वापरायचं हे लहानपणीच कळतं. कारण बाकीच्या देशाच्या लेखी जॉर्जियन म्हणजे ख्रिस्ती. जो ख्रिस्ती नाही तो तातार किंवा तुर्क. मग त्याला तुर्की भाषेतलं अक्षरही येत नसलं तरी! गंमत अशी, की तिची आजीही हेच धरून चालायची. ख्रिस्ती माणसाला ती 'जॉर्जियन' म्हणायची, आणि म्हणायची ती जॉर्जियन भाषेतच. तिला दुसरी भाषा येतच नव्हती.

हे ऐकून मला हसू आलं. मी कोकणातली मुसलमान. आमच्या मोहल्ल्यातही पलीकडच्या आळीला 'मराठी लोक' म्हणत, आणि ते म्हणत मराठीतच. इथल्या मराठी मंडळात दर वर्षी कोणीतरी मला सांगतं, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" मी म्हणते, "तुमचंही." मग ते जरा लांब जाऊन बसतात.

तिची मुलगी अकरा वर्षांची. इथेच वाढलेली, आईशी जॉर्जियन बोलते पण भांडायचं झालं की इंग्रजीत. तिला नाचायचं वेड. शनिवारी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये जॉर्जियन मंडळाचा नाचाचा वर्ग भरतो. आई गाडी चालवत नाही, आणि या गावात गाडीवाचून माणूस म्हणजे घरकोंबडा. म्हणून मी दोघींना सोडायला जाऊ लागले. आधी सोडून परत यायचे. मग भिंतीशी खुर्ची टाकून, पुस्तक उघडून बसू लागले. पुस्तक पुढे सरकत नसे. त्या मुली पाय न हलवता सरकताहेत असं वाटायचं, आणि ही मुलगी त्यांच्यात उठून दिसायची. हे मी शेजारधर्म म्हणून म्हणत नाही. शिक्षिकांनीच तिला पुढच्या रांगेत घेतलं होतं.

शिक्षिका जॉर्जियाच्या राजधानीतल्या, कडक, मनाने वाईट नाहीत. मंडळाचे अध्यक्ष मात्र वेगळं प्रकरण. ते हॉलमध्ये शिरले की भाषण सुरू व्हायचं. मला शब्द कळत नसत, पण पर्वत, द्राक्षं, शूर पूर्वज हा क्रम मी ओळखू लागले. आमच्याकडे द्राक्षांऐवजी किल्ले असतात, एवढाच फरक.

वार्षिक कार्यक्रमात अजाराचा नाच ठरला. त्यांच्याकडे प्रत्येक प्रांताचा एकेक नाच आहे, आणि अजाराचा सगळ्यात खेळकर. मुलीने आठवडाभर आमच्या स्वयंपाकघरातही तो करून दाखवला. त्या गटात अजाराची ती एकटीच. मग पोशाख आले: लाल झगे, कमरेला पट्टे, आणि प्रत्येकीसाठी गळ्यात घालायचा एकेक क्रॉस.

"हा माझी मुलगी घालणार नाही," आईने शिक्षिकांना सांगितलं.

शिक्षिकांनी अध्यक्षांना बोलावलं. ते हसत हसत आले. "यात धर्म काही नाही," ते म्हणाले, माझ्याकरता मुद्दाम इंग्रजीत. "ही आपली संस्कृती आहे."

हे वाक्य मी इतक्या वेळा, इतक्या सभांत, इतक्या गोड आवाजात ऐकलं आहे की मला कंटाळा आला. लोकांना स्वतःचं तुमच्या गळ्यात घालायचं असलं की ती संस्कृती होते. तुम्ही स्वतःचं काही पुढे केलंत की तो धर्म होतो.

आईने फोनवर आपल्या पणजीचा फोटो उघडून दाखवला. डोक्याला रुमाल, पट्ट्यापट्ट्यांचं लोकरीचं वस्त्र कमरेला, गळा मोकळा. "अजाराचा नाच ना? अजारात बायका असं नेसायच्या."

अध्यक्षांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "हा तुर्की प्रभाव," ते म्हणाले आणि फोन परत दिला.

शिक्षिकांनी तोड काढली. क्रॉस झग्याच्या आत घालायचा, कोणाला दिसणार नाही.

"दिसणार नाही तर घालायचा कशाला?"

"आपल्याला माहीत असेल ना," शिक्षिका म्हणाल्या. त्या अगदी मनापासून बोलत होत्या, म्हणून जास्त चीड आली.

गाडीत मुलगी मागून म्हणाली, "मम, इट्स जस्ट अ नेकलेस." आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमच्या मशिदीतल्या बायका विचारतात, मुलगी नाचते कशी? इथे विचारतात, बाप्तिस्मा कधी? क्रॉस घातला तर एका बाजूला चुकलं, नाही घातला तर दुसऱ्या बाजूला. तुम्ही काय केलं असतं?"

"मला नाचता येत नाही," मी म्हटलं.

ती स्वतः फार धार्मिक नाही. रमजानचे काही रोजे धरते, नवीन वर्षाला घोटभर वाइन घेते. तिचे आजोबा तर नमाज पढून, मग वाइनचा पेला उचलून लांबलचक शुभेच्छा देत. तिला क्रॉसची भीती नव्हती. तिला भीती होती त्यातून काय अर्थ काढतील याची. शेवटी मुलीसाठी ती कबूल झाली. आत घालायचा, नाच संपला की काढायचा. संस्कृती म्हणतात तर संस्कृती.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. स्लाऊहून, लंडनहून कुटुंबं आली होती. मुलगी सुंदर नाचली. गिरक्या घेताना क्रॉस झग्याबाहेर आला आणि लाल कापडावर चमकत राहिला. आईने पाहिलं, ओठ मिटले, पण टाळ्या वाजवल्या. इथवर सगळं निभावलं होतं.

मग अध्यक्ष हातात शिंगाचा पेला घेऊन स्टेजवर आले. पर्वत झाले, द्राक्षं झाली, पूर्वज झाले. पुढे त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हटलं. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला. दोन म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, अजाराची आमची लेक आज पूर्वजांच्या धर्मात परत आली."

धर्म हाच शब्द वापरला का, हे मी तिला विचारून घेतलं. हाच.

ती उठली. मला वाटलं, दाराकडे जाईल. ती स्टेजजवळ गेली आणि खालूनच, माईकशिवाय, एकच वाक्य बोलली. टाळ्या थांबल्या. मुलगी लालेलाल होऊन पायांकडे बघत उभी राहिली. अध्यक्षांनी पेला उंच धरला होता. तो खाली आणावा की प्यावा हे त्यांना ठरवता येईना. शेवटी प्यायले.

बाहेर पार्किंगमध्ये मी विचारलं, "तू काय म्हणालीस?"

"विचारलं, आम्ही गेलोच कुठे होतो?"

मला तिला मिठी मारावीशी वाटली. पण मागच्या सीटवर मुलगी रडत होती.

पुढच्या शुक्रवारी शिक्षिकांचा मेसेज आला: सध्या गटात मुली पुरेशा आहेत, जागा झाली की कळवू. मेसेजच्या शेवटी हसरा चेहरा होता. आईने तो मला दाखवला. मुलीला दाखवला नाही.

शनिवारी सकाळी मी नेहमीसारखी गाडी बाहेर काढली, कारण काढू नको असं कोणी सांगितलं नव्हतं. मुलगी नाचाचे बूट घेऊन आली, मागे बसली, पट्टा लावला. आई माझ्याजवळ फुटपाथवर उभी.

"सांगितलं नाहीस?"

"रात्री सांगणार होते. ती सराव करत होती." मग म्हणाली, "तुमच्या मंडळात नाच शिकवतात का?"

"शिकवतात."

"मग?"

"गणपतीपुढे असतो कार्यक्रम. प्रसाद, आरती, सगळं."

"तुम्ही जाता?"

"जाते. मागे उभी राहते. कोणी नको म्हणत नाही. माझ्याजवळ आले की आवाज मात्र मोठा करून, सावकाश बोलतात, मला समजावं म्हणून."

ती हसली, पण लगेच थांबली. मागचं दार उघडून मुलीशेजारी बसली आणि तिला जॉर्जियनमध्ये सांगू लागली. मी बाहेरच थांबले. शब्द कळत नव्हते, पण मुलीचा चेहरा दिसत होता. तिने इंग्रजीत उत्तर दिलं, म्हणजे भांडण सुरू झालं होतं. मग तिने काच खाली केली.

"आँटी, तुम्ही सांगा ना तिला. नुसतं सॉरी म्हणायचंय. एकदा म्हटलं की घेतील मला परत."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगते याची दोघीही वाट बघत होत्या. अकरा वर्षांच्या मुलीचं म्हणणं खोटं नव्हतं. सॉरी म्हटलं असतं तर त्यांनी तिला खरंच परत घेतलं असतं, आणि तेही टाळ्या वाजवून.

"सॉरी म्हणू नकोस," मी आईला म्हटलं.

मुलीने काच वर केली.