काकांचं ‘येतो’

फोनचा शोध माणसांना जवळ आणण्यासाठी लागला, असं आमच्या पुस्तकात लिहिलं आहे. ज्यांनी लिहिलं त्यांची आमच्या मागच्या घरातल्या काकांशी गाठ पडलेली नसावी. काकांच्या हातात फोन आला आणि डहाणूपासून तलासरीपर्यंत कोण येतंय आणि कोण जातंय याचा कुणालाच पत्ता लागेनासा झाला. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, ‘संप्रेषण’ नावाचा विषय मला आहे आणि त्यात मार्कही बरे पडतात. पण काकांचा मेसेज आला की प्रेषक, माध्यम, ग्राहक सगळं डोक्यातून वाहून जातं आणि मी नुसती स्क्रीनकडे बघत बसते.

काकांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. कधी बोर्डीची गाडी, कधी तलासरीची, मधूनच कैनाडची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, काकी गेल्या, एकुलती एक मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, पण काका अजून गाडीतच उभे आहेत. आमच्या घरी आले तरी उंबऱ्यात थांबून आधी “जागा आहे का?” विचारतात. आमच्या मसोलीत कुणाकडे पूजा असली की प्रसादाच्या रांगेत यजमानांपेक्षा ह्यांचाच आवाज मोठा, “पुढे सरका, मागे माणसं उभी आहेत.” गंमत म्हणजे लोक सरकतात. फोनचाही त्यांनी पहिल्या दिवसापासून असाच ताबा घेतला. फोन बोलण्यासाठी असतो हे त्यांना मान्यच नव्हतं. त्यांच्या मते ती खिशात मावणारी घंटी होती. एकदा वाजवली की थांबा, दोनदा वाजवली की चला. बाबा बाजारात निघाले आणि काकांना काही मागवायचं असलं की बाबांचा फोन एकदा वाजून बंद व्हायचा. बाबा बिचारे रस्त्याच्या कडेला उभे राहून उलट फोन करत राहायचे आणि काका तो उचलत नाहीत म्हणून शेवटी निघून जायचे. “घंटीला कोणी उत्तर देतं का?” ते बाबांनाच सुनवायचे. “ड्रायव्हरने कधी मला उलटी घंटी दिली नाही. तुम्ही थांबला असतात तर मी आलोच असतो चालत.”

पुढे ते मेसेज लिहायला शिकले आणि घंटीवर निभावत होतं ते बरं, असं म्हणायची पाळी आली. एका माणसाला एक तिकीट, तसा एका वाक्याला एक मेसेज, हा त्यांचा नियम. “भरती होती.” “पापलेट नाही मिळालं.” “बोंबील आणले.” फोन टुणटुण वाजत राहायचा. आणि सगळ्यात शेवटी, न चुकता, “येतो.” कारण भल्या माणसाने बोलणं संपवताना निरोप घेतलाच पाहिजे. आता मराठी माणूस निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, हे मलाही कळतं. पण ओट्यावर बसलेला माणूस ‘येतो’ म्हणताना पायाने चपला चाचपत असतो, म्हणून घोटाळा होत नाही. मेसेजमध्ये चपला दिसत नाहीत. आई आपली ‘येतो’ वाचून भातात मूठभर तांदूळ जास्त टाकायची आणि साडेआठपर्यंत पानं मांडून बसायची. काका घरी जेवून झोपलेले असायचे. तलासरीला त्यांचे एक जुने ड्रायव्हर असतात, ते तर एकदा चांगली दुपारभर नाक्यावर उभे राहिले आणि तेव्हापासून त्यांनी काकांचे मेसेज वाचणंच सोडून दिलं. त्याच तलासरीत काकांच्या फोनने हद्दीपलीकडचा टॉवर पकडला आणि ‘गुजरातमध्ये आपले स्वागत आहे’ असा कंपनीचा मेसेज आला. काकांनी त्यालाही रीतसर उत्तर लिहिलं. “आभार.” “मी तलासरीतच आहे.” “येतो.”

“काका, ‘येतो’ नका ना लिहू,” मी म्हणायचे. “लोकांना वाटतं तुम्ही खरंच येताय.”

“मग काय लिहू? जातो?” ते माझ्याकडे असं बघायचे की मीच काही वाईटसाईट बोलले. “घरातून निघताना असं बोलतात का पोरी?”

“तुम्ही कुठे घरातून निघताय? तुम्ही खुर्चीत बसलाय.”

“बोलण्यातून तर निघतोय ना.”

सगळ्या डहाणूत काकांचे मेसेज एकाच माणसाला बरोबर कळायचे, तो म्हणजे त्यांच्या फोनचं रिचार्ज करणारा गुजराती दुकानदार. काका त्याला “येतो” लिहायचे, तो उलट “आवजो” लिहायचा. “अमारामां पण एवुं ज छे बेन,” त्याने मला एकदा समजावलं. “जानाऱ्याला आमी ‘आवजो’ बोलते. म्हंजे या. पन तो जाते.” दोघंही एकमेकांना यायचं सांगत होते, दोघंही कुठे जात नव्हते आणि दोघांनाही सगळं स्पष्ट होतं. गोंधळ फक्त माझा होता.

ह्यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण यंदा पावसाळा सरता सरता ते हसणं थांबलं. झालं असं की समुद्राच्या खाऱ्या हवेने फोन खराब होतो असं कुणीतरी काकांना सांगितलं. त्यांनी फोन तांदळाच्या डब्यात ठेवला, वर झाकण घट्ट लावलं आणि स्वतः कैनाडला कुणाच्या तरी बारशाला गेले. पुण्याहून ताई, म्हणजे त्यांची मुलगी, दिवसभर फोन करत राहिली. शेवटी रडत आमच्याकडे फोन केला. बाबांनी मागच्या घराचं दार उघडलं तर घरात माणूस नाही आणि तांदूळ वाजतोय. संध्याकाळी काका पेढ्यांची पुडी घेऊन हसत परतले आणि त्यांना ताईचा निकाल ऐकावा लागला. एकटं राहायचं तर रोज सकाळी स्वतःच्या हाताने मेसेज करायचा, नाहीतर दिवाळीनंतर घर बंद करून कायमचं पुण्याला यायचं. काका त्या दिवशी ओट्यावर येऊन बसले. समोर त्यांचं चिकूचं झाड, शेजारी काकींनी लावलेली तुळस. “मला तिकडे नाही जमायचं गं,” ते म्हणाले. “तू मला शिकव हे यंत्र नीट.”

मी शिकवायला बसले आणि ते खरोखर मन लावून शिकले. चष्मा लावून, केस विंचरून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून रोज सकाळी बसायचे. मेसेज लिहिताना समोरच्याला आपण दिसत नाही, हे मी सांगितलं तर म्हणाले, “मला तर मी दिसतो.” यादीत सगळ्यात वर ताईचं नाव असतं, ते दाबायचं आणि लिहायचं, एवढं त्यांनी पाठ केलं. महिनाभर एक दिवस खंड पडला नाही. “उठलो.” “चहा झाला.” “येतो.” ताईला बापाचं ‘येतो’ लहानपणापासून ठाऊक होतं, तिने कधी भात जास्त टाकला नाही. बाप राहणार असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मग दिवाळीच्या आधी ताईचा मेसेज आला. बाबा, मनापासून विचारते, तुम्हाला इथे यावंसं वाटतं का, एकदाच काय ते सांगा. काकांनी तो वाचला, दिवसभर विचार केला आणि संध्याकाळी लिहायला बसले. तेवढ्यात आईने त्यांना मेसेज केला होता, आमटी पाठवू का म्हणून. त्यामुळे यादीत सगळ्यात वर आईचं नाव आलं. काकांनी सवयीने वरचं नाव दाबलं आणि लिहिलं. “मी इथे बरा आहे.” “मला कुठे जायचं नाही.” “रागावू नको.” आमटीचं काय ते कळेना म्हणून आई गॅसपाशी उभी राहून मला ते वाचून दाखवत होती. इतक्यात तिकडे ताईने धीर न धरवून लिहिलं, “बाबा?” ते वर झळकलं, काकांनी त्यावर बोट ठेवलं आणि राहिलेलं शेवटचं वाक्य तिथे पाठवून दिलं.

“येतो.”

एरवी ‘उठलो’ आणि ‘चहा झाला’च्या मागून येणारा तो शब्द त्या दिवशी एकटाच गेला, आणि तोही असल्या प्रश्नाला उत्तर म्हणून. मी धावत काकांच्या घरी पोचले तेव्हा काका ताईने पाठवलेला आवाज ऐकत होते. ताई हसत आणि रडत होती आणि मागे त्यांची नात घरभर ओरडत फिरत होती, “आजोबा येणार, आजोबा येणार.” पाठोपाठ खिडकीजवळच्या पलंगाचा फोटो आला. मी सगळा घोळ समजावून सांगितला, आईचा फोन नेऊन दाखवला.

“काका, आत्ता सांगून टाका चुकून गेलं म्हणून. मी लिहून देते.”

“काय लिहिशील?” त्यांनी विचारलं. “आजोबा येत नव्हता, निरोप घेत होता, असं?”

मी आईचा फोन खाली ठेवला.

“राहू दे. डबल बेल दिली मी. गाडी हलली.”

मला फार राग आला. एका शब्दासाठी माणूस घर सोडतो, ह्याला काय म्हणायचं? पण मी निघाले तरी ते नातीचा आवाज पुन्हा लावून ऐकत होते, मग आणखी एकदा, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते दुःख होतं असं मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. त्यांना जायचंच होतं का? की जायचं नव्हतं आणि पोरीला दुखवायचंही नव्हतं? मी अजून विचार करते आणि दर वेळी वेगळं उत्तर येतं.

भाऊबीज झाल्यावर जावई गाडी घेऊन आले. काकांनी आईच्या हातात घराची चावी दिली, तुळशीला हात लावला, चपला घातल्या आणि म्हणाले, “वहिनी, येतो.” त्या दिवशी चपला दिसत होत्या, त्यामुळे कुणाचाच घोटाळा झाला नाही. आई पदर तोंडाला लावून आत गेली. गाडी कोपऱ्यावर वळली आणि माझा फोन वाजला. दोनदा वाजून बंद झाला.

आता त्यांचे मेसेज पुण्याहून येतात. मी ते मोठ्याने वाचते आणि आई ऐकते. काल चार आले. “नात हुशार आहे.” “इथे ओटा नाही.” “चिकूला पाणी घाला.” “येतो.”

“म्हणजे काय गं?” आईने विचारलं. “निरोप घेतायत का येतायत?”

मला त्या रिचार्जवाल्या दुकानदाराची आठवण झाली आणि मी लिहिलं, “आवजो, काका.” खुणा निळ्या झाल्या. मग फोन एकदा वाजला आणि बंद झाला. मी फोन हातात धरून थांबले, पण दुसरी घंटी आली नाही.

“कोण होतं?” आई म्हणाली.

“काका. थांबा म्हणतायत.”

तिने खुंटीवरची त्यांच्या घराची चावी काढली आणि खिडक्या उघडून यायला मागच्या घरी गेली.