कांताबाईंचा सर्व्हर आणि भावेशभाईंचा नऊ

हाटकेशच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका गाळ्यात बाटल्यांची झाकणं बनत आणि तिथले कॉम्प्युटर कांताबाई सांभाळत. खरं तर त्या बिलं करायच्या नोकरीवर लागल्या होत्या. पण एकदा रुसलेल्या प्रिंटरची वायर काढून त्यांनी परत लावली, तो चालू झाला, आणि तेव्हापासून सगळी यंत्रं त्यांच्या गळ्यात पडली. पुढे सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करकरून त्या बरंच शिकल्या. फक्त "नाही" म्हणायला शिकल्या नाहीत. कुणी काहीही सांगितलं की "बघते हं," म्हणत आणि अडकत.

आता मात्र त्यांची खुर्चीच हलायला लागली होती. मालक भावेशभाईंचा भाचा केतन मामाच्या मागे लागला होता, "सगळं क्लाऊडवर टाकू. सर्व्हर नको, सांभाळायला माणूस नको." तसं झालं तर कांताबाई पॅकिंगच्या टेबलावर, झाकणांच्या ढिगाऱ्यात.

अशातच एका सकाळी भावेशभाई आले. त्यांच्या गाडीची, मोबाईलची, गाळ्याची, सगळ्या नंबरांची बेरीज नऊ होती.

"कांताबेन, धंदा कमी का होतोय? आपला सर्व्हर कुठल्या नंबरवर बसतो?"

"शेठ, मशीन एकच, पण त्याला दरवाजे हजारो. त्यातल्या एका दरवाजाला आपला डेटाबेस कान लावून बसतो. चांदणीचा कॉम्प्युटर बिल करायला तिथेच टकटक करतो. दुसरीकडे केली तर कुणी ओ देत नाही. पोर्ट म्हणतात त्याला. आपला चौदाशे तेहेतीस."

भावेशभाईंनी बोटांवर मोजलं. "एक, चार, तीन, तीन... अकरा. म्हणजे दोन! चंद्र! अरे, माझं चंद्राशी कधी जमलंय? नऊ करा, नऊ."

कांताबाईंच्या घरी असलं काही कुणी मानत नव्हतं. "नाही" ओठांवर आलं होतं. पण निघालं, "बघते हं."

त्यांनी सर्व्हरला चौदाशे एकतीसवर बसवलं, बंद करून चालू केलं आणि चहा मागवला. चहा येण्याआधी बिलांच्या टेबलावरून चांदणी ओरडली, "मावशी, सर्व्हर सापडत नाही म्हणतोय!"

साहजिकच. सर्व्हरने दरवाजा बदलला होता, आणि चांदणीचा कॉम्प्युटर जुन्याच दरवाजावर टकटक करत होता. बाहेर टेम्पो माल भरून तयार. बिलाशिवाय तो हलणार नव्हता.

"नवा नंबर टाकते, सरक."

"नऊवाला? नको ना मावशी! मला नऊ अजिबात सूट होत नाही, माझा लकी तीन आहे. नऊ तारखेला जन्मलेल्या मुलाशी माझं लग्न जमता जमता मोडलंय!"

"बघते हं," कांताबाई म्हणाल्या आणि तिच्यासाठी चौदाशे त्रेचाळीसचा दरवाजा उघडला. हा सर्व्हर एका वेळी बऱ्याच दरवाजांना कान लावू शकतो, हेच चुकलं. गोदामातल्या बबनला वास लागलाच.

"कांताताय, तिला दिलाव, मना न्हाय? माझा पाच हाय."

त्याला चौदाशे पंचेचाळीस.

तरी काही चालेना. भावेशभाईंचा नऊवर, चांदणीचा तीनवर, बबनचा पाचवर, तिन्ही कॉम्प्युटर आपापल्या दरवाजावर ठोकत होते, आत कुणी हूं की चूं करत नव्हतं. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. केतन दारात उभा राहून हसत होता, "मावशी, क्लाऊडला असलं काही नसतं हं."

कांताबाईंना मग आठवलं. फायरवॉल! सर्व्हरबाहेरचा पहारेकरी. त्याला फक्त जुना दरवाजा माहीत, नव्यांवर येणाऱ्याला तो बाहेरच्या बाहेर हाकलत होता. त्याची समजूत घालायला त्या बसणार, तेवढ्यात भावेशभाई धावत आले.

"कांताबेन! तीन नंबर केलेत? नऊ, तीन, पाच... सतरा. आठ! शनी आणून बसवला तुम्ही गाळ्यात!"

"शेठ, मग..." कांताबाई म्हणाल्या, "जुनाही ठेवू का?"

भावेशभाई पुन्हा बोटांवर आले. "सतरा अन् जुन्याचे दोन, एकोणीस. एक आणि नऊ, दहा. एक! सूर्य! अरे वाह, कांताबेन, ठेवा ठेवा!"

कांताबाईंनी जुना दरवाजा उघडला आणि कुणाला काही न बोलता तिन्ही कॉम्प्युटर, भावेशभाईंचासुद्धा, त्याच्यावरच नेऊन लावले. नवे तिन्ही दरवाजे नुसते उघडे, पहारेकरी कुणाला तिथे फिरकू देत नव्हता. कुठला कॉम्प्युटर कुठे टकटक करतो हे कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. बिल निघालं. टेम्पो गेला.

"बघितलं? माझ्या पाचमुळे झालं," बबन म्हणाला.

"गप रे, माझ्या तीनमुळे," चांदणी म्हणाली.

केतनने शेवटचा प्रयत्न केला. "मामा, पण क्लाऊड..."

"त्याचा नंबर किती?"

"चारशे त्रेचाळीस. पण तो क्लाऊडवाल्यांचा असतो मामा, आपल्याला बदलता येत नाही."

भावेशभाईंनी भाच्याकडे असं बघितलं, जणू त्याने गाळा विकायला काढला होता. "बदलता येत नाही? मग त्यापेक्षा आपल्या कांताबेन बऱ्या. केतन, तू जा, पॅकिंगला माणूस कमी आहे."