पुरा जीव

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात प्रात्यक्षिकाच्या तासाला होते. समोर मुलांनी शंखांचे जीवाश्म मांडले होते. आप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते. तळवड्याच्या एका वर्कशॉपात त्यांनी अख्खी उमर लेथवर काढली. त्याला आता महिना झाला.

मी आज पुराजीवशास्त्र शिकवते ते आप्पांमुळे. बीएस्सी झाले तेव्हा आमच्या चाकणच्या घरात माझ्या लग्नाचं घाटत होतं आणि मला पुढे हाच विषय शिकायचा होता. आठवडाभर वाद चालला. "मेलेल्या किड्यामुंग्यांचं शिकून कुनाचं भलं हुनार हाय?" वडील गरजले. आप्पा नुकतेच शिफ्टवरून आले होते. हातपाय धुता धुता म्हणाले, "दादा, नाव तरी नीट ऐक. पुरा जीव शास्त्र. पुरा जीव लावून करायचं शास्त्र हाय त्ये. पोरीचा जीव लागलाय, जाऊ दे की." वडिलांनी बैलांना पोरांसारखा जीव लावला होता, त्यांना ही भाषा कळली. दोन दिवस धुसफुसले, पण हो म्हणाले.

पुढे लग्नकार्यात आप्पा भेटेल त्याला हाच अर्थ ऐकवायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चारचौघांत मी शहाणपणा करायचे, "आप्पा, पुरा म्हणजे प्राचीन. फार पूर्वीच्या जिवांचं शास्त्र." "व्हय का? बरं झालं सांगितलंस," म्हणून हसायचे आणि पुढच्या पाहुण्याला पुन्हा तेच! पालथ्या घड्यावर पाणी.

दहाव्यानंतर काकीनं त्यांच्या फळीवरचा जाडजूड शब्दकोश माझ्यापुढे ठेवला. पुराजीवशास्त्र या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती आणि पुढे छापलेला, मी सांगायचे तोच अर्थ.

"तुज्या वडलांशी बोलायच्या आदल्या दिवशी आनला हुता," काकी म्हणाली. "म्हनले, खरा अर्थ सांगितला तर दादा न्हाईच म्हनंल. आन् मला म्हनले, तू गप ऱ्हा."

मी हमसून रडले. ज्या माणसाचे उपकार मानायचे, त्याचं मराठी मी इतकी वर्षं सुधारत बसले होते...

कोश काकी देत होती, पण मी तो त्यांच्या फळीवरच ठेवून आले. परवा नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला मी कोशातला अर्थ सांगितला, मग आप्पांचा. मुलांनी दोन्ही वहीत उतरवून घेतले. मी कुणाला काही खोडायला सांगितलं नाही.