हिलाल आणि दुसरी शेकोटी

हिलाल बोलायचा तेव्हा आवाज काढायचाच असं नाही. चहाच्या लारीवर गर्दी असली की तो लांबूनच नुसते ओठ हलवून ‘दोन कटिंग, एक बिनसाखरेचा’ सांगायचा, आणि चहावाल्याला काही कळलं नाही की त्याच्यावरच डाफरायचा. सुरतेच्या उधन्यात आमच्या गल्लीत तो पहिल्यांदा आला, तेव्हा माझ्या वडिलांसमोर ओट्यावर बसून तासभर बोलला. मी आत जेवत होतो. मला एक शब्द ऐकू आला नाही, पण वडिलांचं हसणं मात्र तीनदा ऐकू आलं. मी घास हातात धरून तसाच बसलो, कारण आमच्या घरात ते हसणं फार दिवसांत कोणी ऐकलं नव्हतं.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. तीस वर्षं त्यांनी लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. एका खात्यात पन्नास-साठ लूम एकदम खडखडत असतात, तिथं ओरडून काही उपयोग नसतो. म्हणून तिथली माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात, उरलेलं हातांनी आणि भुवयांनी सांगतात. नानांचे कान त्या खडखडाटात हळूहळू गेले आणि साठीला आले तोवर पूर्ण गेले. घरी बसल्यावर ते समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. आमची तोंडं त्यांना वाचता यायची नाहीत असं नाही, पण आम्ही भराभर बोलायचो, बोलता बोलता मान वळवायचो. मग मी कॅलेंडरच्या जुन्या पानांमागे लिहून दाखवायचो. नाना अक्षर जुळवत वाचायचे आणि मान हलवायचे. बोलणं तिथंच संपायचं.

हिलाल नानांच्या हाताखाली लूम शिकलेला. शिंदखेड्याकडचा, आमच्याच बोलीचा, चौथी पास, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मला मात्र नानांनी खात्यात कधी येऊ दिलं नाही. ‘परकास, खातामा पाय ठेवशी ते तंगडं तोडसू,’ असा दम होता. मी शिकलो, बारावी झालो, पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये कापडाच्या रंगाच्या शेड जुळवायला लागलो. नानांना त्याचा अभिमान होता म्हणे. पण त्या अभिमानापायी माझ्या बापाची भाषा मला आली नाही, आणि ती त्या चौथी पास माणसाला आली. मला हिलालचा हेवा वाटायचा तो इथून. उगाच सभ्य शब्द कशाला शोधू? तो ओट्यावर बसला की माझ्या पोटात दुखायचं.

हिलालला नाद एकच, इंग्रजी पिक्चरचा. मारामारीचे, अवकाशयानांचे, राक्षसी यंत्रांचे. स्टेशनजवळच्या टॉकीजला ते लागायचे तेव्हा इंग्रजीतच असायचे. मी त्याला एकदा खवचटपणे विचारलं, ‘तुला त्यातलं काय समजतं रे?’ तो म्हणाला, ‘आयकानं काय शे त्यामा? देखानं शे.’ आणि खरंच, त्याला समजायचं. आम्ही इंग्रजी शिकलेले अर्धे शब्द पकडण्याच्या नादात अर्धा पिक्चर घालवायचो. हा माणसांच्या तोंडाकडे बघून सगळं घेऊन यायचा आणि सुट्टीच्या दिवशी नानांसमोर ओतायचा. सुरुवात ठरलेली. हातातला कप खाली ठेवायचा, तळवे पुसायचे आणि म्हणायचा, ‘देख.’ दुसऱ्या कोणी हातात काही धरून बोलायला सुरुवात केली की त्याला खपायचं नाही. ‘हात रिकामा कर, मंग सांग,’ हे त्याचं सगळ्यांना सांगणं.

एक पिक्चर त्याने असा सांगितला की दोन वर्षं तो आमच्या घरात राहिला. कुठल्याशा लांबच्या बर्फाळ ग्रहावर एक कंपनी माणसं पाठवून खणायचं काम करून घेते. यंत्रं उलटतात, माणसं मरतात, कंपनीचं जहाज उरलेल्यांना घेऊन पळून जातं. एकजण मागे राहतो. शेवटी तो एकटाच बर्फात शेकोटी पेटवून बसतो. आणि मग खूप लांब, अंधारात, दुसरी शेकोटी पेटते. पिक्चर संपला.

हिलालने ती दुसरी शेकोटी कशी दाखवली, ते सांगून कळणार नाही. त्याने काहीच केलं नाही. नुसतं एका जागी बघितलं आणि डोळे हळूच मोठे केले. नानांनी मागे वळून पाहिलं. मी वर्तमानपत्रामागून पाहत होतो, मीही त्या दिशेला पाहिलं, आणि स्वतःवरच चिडलो.

त्या दिवसापासून नानांचा प्रश्न सुरू झाला. ‘दुसरी आग कोन लाई?’ जेवताना, दाढी करताना, कधीही. हिलाल आला की दोघांचे तर्क चालायचे. नानांचं म्हणणं, तसाच कुठल्या दुसऱ्या कंपनीनं टाकून दिलेला दुसरा मजूर असणार. हिलाल म्हणायचा, बाई असेल. नाना त्याला हाताने उडवून लावायचे. मला कोणी विचारलं नाही. माझाही एक तर्क होता, तो मी कोणाला सांगितला नाही.

मग त्या पिक्चरचा दुसरा भाग आला, तो मात्र हिंदीत बोलणारा. भिंतींवर पोस्टर लागले त्याच दिवशी मी ठरवलं की या खेपेला मी आधी जाणार. हिलालची त्या आठवड्यात दिवसपाळी होती. मी मिलमधून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला जाऊन बसलो. घरी गेल्यावर नाना मला विचारतील, मी सांगेन, ते माझ्याकडे बघून हसतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पिक्चर भिकार निघाला. मुख्य नटच बदललेला, हा गुळगुळीत दाढी केलेला, केस विंचरलेला. बर्फ पहिल्या पाच मिनिटांत संपला आणि उरलेला सगळा पिक्चर शहरात, मोटारींच्या पळापळीत. शेकोटीचा उलगडा एका वाक्यात झाला. कोणीतरी त्याला विचारतो, ‘वहाँ दूसरी आग किसकी थी?’ तो म्हणतो, ‘कुछ नहीं, हमारे ही जहाज का टुकड़ा जल रहा था।’ झालं. दोन वर्षं आम्ही ज्याची वाट पाहिली तो एक जळका पत्रा होता. पुढच्या रांगेत लोक शिट्ट्या मारून उठून चालले होते. मी शेवटपर्यंत बसलो. बाहीने डोळे पुसले, आणि पिक्चरसाठी रडू येतं याची लाजही वाटत होती.

घरी पोचेपर्यंत मी खोटं बोलायचं ठरवून टाकलं. नानांसमोर बसलो, कागद घेतला नाही, हिलालसारखे तळवे पुसले आणि हातांनी, तोंडाने सांगायला लागलो. जबरदस्त पिक्चर! आणि नाना, तुमचंच खरं निघालं, दुसरी शेकोटी दुसऱ्या मजुराचीच होती! दोघं भेटतात, मिठी मारतात, कंपनीवर चालून जातात! मी हात उडवले, डोळे मोठे केले. नाना आधी उजळले. मग त्यांची नजर माझ्या तोंडावरून वर सरकली आणि तिथंच थांबली.

‘तुन्हं तोंड हासस,’ ते म्हणाले, ‘पन डोया रडेल शेतस.’

कान गेलेल्या माणसाला फसवायला निघालो होतो मी, जो आयुष्यभर चेहरेच वाचत आला त्याला. मी ‘दमलोय’ म्हणालो आणि उठलो.

सुट्टीच्या दिवशी हिलाल आला. त्यानेही पिक्चर पाहिला होता. नानांनी हातानेच विचारलं, कसा? हिलालने कप खाली ठेवला. ‘देख.’ आणि त्याने पिक्चर सांगितलाच नाही, त्याने पिक्चर बघणारा हिलाल सांगितला. कसा तो नवा शर्ट घालून गेला. खुर्चीत कसा पुढे सरकून बसला. नवा नट आल्यावर त्याने शेजाऱ्याला कसं विचारलं, की आपण चुकीच्या टॉकीजमध्ये तर नाही ना? ‘पहिलामा कोनी बोले नही, यामा कोनी चूपच बठत नही!’ शेजारी कसा त्याच्या खांद्यावर घोरायला लागला. आणि मग ती शेकोटी. त्याने हाताने एक पत्रा दाखवला, पत्रा जळताना दाखवला, आणि मग आपलं तोंड दाखवलं, उघडं, खुळ्यासारखं. नानांचा मजूर गेला होता. मग त्यांनी मांडीवर थाप मारली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मी आत उभा राहून ते पाहिलं. मी त्यांना खूश करायला मजूर जिवंत ठेवला, तर ते बघत राहिले. याने त्यांच्या तोंडावर मजूर मारून टाकला, तर ते हसले! माझं डोकं फिरलं. हिलाल निघाला तेव्हा मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, ‘तुला स्वतःचं कोणी नाही का रे? दर सुट्टीला इथं काय ठेवलंय तुझं?’

हळू बोललो म्हणून काय झालं, त्याला ओठ दिसत होते. तो सायकलवर बसला आणि गेला.

पुढच्या सुट्टीला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नाना सकाळपासून ओट्यावर बसायचे. ‘हिलाल?’ मी म्हणालो, ओव्हरटाइम असेल. नानांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ज्याला सगळं डोळ्यांनीच ऐकायचं, त्याने तोंड फिरवलं की दार लागलं. मी पाठीमागे उभा राहून काय वाटेल ते बोललो असतो तरी त्यांच्यापर्यंत पोचलं नसतं. तिसऱ्या सुट्टीला मी बमरोलीला त्याच्या खोलीवर गेलो.

हिलाल एका खोलीत पाच जणांबरोबर राहायचा, तिघं कामावर असताना तिघं झोपायचे. मी घारीचा, म्हणजे सुरतेच्या मिठाईचा, पुडा घेऊन दारात उभा राहिलो आणि सांगायला लागलो, नाना तुझी आठवण काढतात, माझ्या मनात तसं नव्हतं, वगैरे. त्याने पुड्याकडे बघितलं.

‘हात रिकामा कर, मंग सांग.’

मी पुडा खाली ठेवला. मग मला खोटं सुचेना. मी म्हणालो, ‘मला तुझा हेवा वाटतो. नाना तुझ्याकडे बघून हसतात, माझ्याकडे बघून हसत नाहीत.’

तो काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. मग म्हणाला, ‘मी येसू. पन तू नानाना शेजारे बठशी. पेपर धरीसन मांगे नही.’

अशी ती शिकवणी सुरू झाली. मी नानांच्या शेजारी बसायचो, हिलाल समोर. हिलाल मला चिडवायचा, तुझे ओठ शाळामास्तरासारखे आखडलेत, सोड जरा. नाना माझी हनुवटी धरून सरळ करायचे. वर्ष-दीड वर्षात मला बहुतेक सगळं कळायला लागलं. पिक्चर मात्र हिलालच सांगायचा. मी एकदोनदा प्रयत्न केला, नानांनी सभ्यपणे पाहून घेतलं.

मग हिलालचं लग्न झालं, आणि त्याच्या सासऱ्याने दोंडाईचाला पिठाची गिरणी घातली आणि याला बोलावून घेतलं. ‘एका खडखडाटातून दुसऱ्यात,’ मी म्हणालो. नानांना भेटून तो निघाला, मी त्याला गाडीवर पोचवायला गेलो. सकाळची वेळ, स्टँडवर दहा गाड्यांची इंजिनं एकदम चालू. तो खिडकीशी बसला, काच जाम झालेली, उघडेना. त्याने दोनदा जोर लावून पाहिला, मग सोडून दिलं आणि काचेआडून, अगदी सावकाश, ओठ हलवले.

‘खातामा नाना तुन्हंच सांगे. परकास पास व्हई गया. परकासले नोकरी लागनी. मन्हाकडे कधी देखे नही. म्हनीसन मी पिच्चर सांगाले लागनू.’

एकही शब्द ऐकू आला नाही आणि एकही सुटला नाही. गाडी हलली. त्याने हात वर केला आणि मग तो पुढे बघायला लागला.

घरी आलो. नाना ओट्यावर होते. ‘काय म्हने?’ त्यांनी विचारलं. मी समोर बसलो आणि जसंच्या तसं सांगितलं. सांगताना माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे, पण या वेळी मी तो लपवला नाही. नाना शेवटपर्यंत बघत राहिले.

‘माले ठाऊक व्हतं,’ ते म्हणाले.

‘मग त्याला कधी म्हणाला का नाहीत, की तूही मला मुलासारखाच आहेस?’

नानांनी रस्त्याकडे पाहिलं, जिथून हिलालची सायकल यायची. ‘सांगं असतं,’ ते म्हणाले, ‘ते मंग तो पिच्चर सांगाले कसाले येता?’

आणि ते हसले. डोळे भरलेले होते, तरी हसले. मी समोरच बसलो होतो, पण ते हसणं माझ्यासाठी नव्हतं. नानांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्या हसण्याचा मला अजून हेवा वाटतो.