पंचनामेवाले काका

कोपरच्या त्र्यंबककाकांना अख्खा विभाग 'पंचनामेवाले काका' म्हणायचा. नाव काही उगाच पडलं नव्हतं. स्टेशनसमोर त्यांचा छोटा फोटो स्टुडिओ होता आणि पोलिसांना कुठे प्रेत सापडलं, की हवालदार तिथूनच त्यांना उचलून न्यायचा. तीस वर्षं काकांनी लग्नं कमी आणि मढी जास्त काढली. लग्नाला लोक दुसरा फोटोवाला बघायचे. साहजिकच आहे म्हणा.

आता टेंभी नाक्याच्या शिवानी नावाच्या पोरीला नेमके तसलेच फोटो काढायचे होते. जुन्या काळच्या खुनाच्या जागा, पण सगळं मांडलेलं, खोटं. प्रदर्शनात लावायला. या मुलांच्या डोक्यात कधी काय येईल, सांगता येत नाही बाबा. पण काकांना कित्येक वर्षांत कुणी काही विचारलंच नव्हतं, तेव्हा सल्ल्याबरोबर त्यांनी आपलं स्वयंपाकघरही देऊन टाकलं.

शिवानी प्रेताभोवती रेघ मारायला खडू घेऊन आलेली.

"तो ठेव आत," काका म्हणाले. "ते सिनेमात. आम्ही आधी दारातून घ्यायचो, मग स्टुलावर चढून वरनं, शेजारी फूटपट्टी ठेवून. आणि वस्तूला हात लावायचा नाही. सांडलंय ते सांडलेलं."

प्रेत व्हायला शिवानीची मैत्रीण बियांका सुती साडी नेसून आली होती. काकांनी तिला ओट्याखाली निजवलं. एक हात डोक्याशी, एक पोटाखाली, पेला जरा लांब.

"थोडं डावीकडे घेऊ?" शिवानीने विचारलं.

"नाही. असंच."

असंच, कारण तीन वर्षांपूर्वी सुमेधाकाकू याच फरशीवर गेल्या. काका भाजी घेऊन आले, दारात थबकले, आणि जळली मेली ती सवय, आधी पाहिलं काय, तर हात कुठे आहे नि पेला किती फुटांवर. हाक नंतर मारली. तेव्हापासून काकूंना आठवायला बसलं, की तेवढंच दिसायचं. बेचाळीस वर्षं ती बाई या घरात हिंडली, भांडली, पण काकांना तिचं साधं चालणं आठवेना. त्यासाठी त्यांचा जीव तुटायचा.

शिवानीने फोटो काढला. बियांका उठून बसली, पदर झटकला, ओट्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "काका, केवढी गार आहे ओ फरशी."

काका बघतच राहिले. त्यांनी काढलेल्यांपैकी एकही जण फोटोनंतर कधी उठला नव्हता.

"परत घे," ते म्हणाले. "पट्टी वाकडी होती."

मग पेला चुकला. मग पदर. मग उजेड. दर वेळी बियांका ओट्याला हात टेकून उठायची. गुडघ्यांमुळे काकूही तशाच उठायच्या, हे काकांना चौथ्या वेळी आठवलं. सहाव्या वेळी तर उठतानाचं काकूंचं पुटपुटणंही ऐकू आलं.

"काका, तुम्ही फुल परफेक्शनिस्ट निघालात," शिवानी खूश होऊन म्हणाली आणि तिने कॅमेरा पिशवीत भरला.

बियांका केस बांधत होती. काका तिच्यापाशी गेले.

"पोरी, अजून एकदाच पड."

"अहो काका, कॅमेरा आत गेला ना," शिवानी म्हणाली.

"राहू दे आत. फोटो नकोय मला. हिला फक्त उठू दे."